लाटसाहेब खांद्यावर असताना

गंगारामाचे खांदे हा रत्नागिरीच्या बंदरावर एके काळी कौतुकाचा विषय होता. त्या खांद्यांवरून फौजदार उतरले, कीर्तनकार बुवा वीणेसकट उतरले, आणि एकदा तर लग्नाला निघालेला नवरामुलगा मुंडावळ्या सांभाळत उतरला. तेव्हा बंदराला धक्का नव्हता. मुंबईहून येणारी आगबोट लांब खोल पाण्यात थांबायची. उतारू मचव्यात बसून किनाऱ्याकडे यायचे, आणि ओहोटी असली की मचवाही शंभर-सव्वाशे पावलं अलीकडेच वाळूत टेकायचा. तिथून पुढे बूट, धोतरं, पागोटी कोरडी ठेवून माणूस वाळूवर नेऊन सोडायचा, हे गंगाराम आणि त्याच्या सात-आठ जोडीदारांचं काम.

गंगाराम राहणारा पावसच्या खालच्या अंगाचा, समुद्राला लागून असलेल्या खारवीवाडीतला. बोटींचा हंगाम सुरू झाला की तो रत्नागिरीच्या बंदरावर येऊन राही. बोलायला मोकळा, हसायला मोकळा. पण माणूस खांद्यावर घेतला की त्याच्या तोंडाला कुलूप. त्यांचा तसा नियमच होता: ओझं खांद्यावर असताना बोलायचं नाही. उतारूनं काही विचारलं तरी उत्तर वाळूवर उतरल्यावर. कारण पाण्याखालची वाळू रोज जागा बदलते, खड्डा कुठे पडलाय ते पायाच्या बोटांनी चाचपत जावं लागतं, आणि बोलण्यात लक्ष गेलं की पाय गेला. रामा नावाच्या एका जोडीदारानं एकदा एका व्यापाऱ्याला सुपारीचा भाव सांगता सांगता त्याला पाण्यात घातलं होतं. व्यापाऱ्याचा पाय मोडला, आणि सगळ्या टोळीचं काम एक हंगामभर बंद झालं. तेव्हापासून टोळीचा म्होरक्या आप्पा प्रत्येकाला भगवतीसमोर उभं करून या नियमाची शपथ घालायचा.

ह्या नियमाबद्दल मी जरा लांबण लावली. पण गंगारामाच्या आयुष्याची सगळी गोम तिथंच आहे.

त्याला एक धाकटा भाऊ होता, आनंदा. वडील लवकर गेले, तेव्हा आनंदाला गंगारामानंच अंगाखांद्यावर वाढवलं. पोर तापट, पण मनानं निर्मळ. सव्वीस साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, जाळ्यातल्या वाट्यावरून त्याचं वाडीतल्या महिपतशी भांडण जुंपलं. महिपतनं आईवरून शिवी दिली. आनंदाच्या हातात वल्हं होतं. एकच फटका, पण तो कानशिलावर बसला, आणि तिसऱ्या दिवशी महिपत मेला. आनंदा पळाला नाही. पोलीस आले तेव्हा तो महिपतच्याच दारात डोकं धरून बसलेला होता. कोर्टानं जन्मठेप दिली आणि त्याला येरवड्याला नेलं.

रत्नागिरीला मुळ्ये नावाचे वकील होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि जीभ मात्र धारेची. त्यांनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. गंगाराम त्यांच्या ओसरीवर बसून राहिला, उठेचना.

"आता कोर्टात काही उरलं नाही रे," वकील म्हणाले. "एकच दार आहे. मुंबईत मलबार टेकडीवर बसतो त्या गव्हर्नराचं, तुमच्या लाटसाहेबाचं."

"तो काय मोठा जज हाय?"

"जज नव्हे. जज कायद्यानं बांधलेला. ह्याला शिक्षा कमी करायचा नाहीतर माफ करायचा अधिकार आहे. त्याला पुन्हा साक्षी काढायच्या नाहीत, पुरावे बघायचे नाहीत. दया आली, सही केली, माणूस सुटला. कौन्सिलरांना, म्हणजे आपल्या सल्लागारांना, विचारतो म्हणा. पण त्याच्या मनात आलं तर ते कशाला आडवे येतात!"

वकिलांनी दयेचा अर्ज केला. सात महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: हस्तक्षेप करण्यास कारण दिसत नाही.

"सायबानं वाचला असंल काय?" गंगारामानं विचारलं.

"कुणी कारकुनानं वाचला असेल, आणि साहेबानं त्याच्या शेऱ्याखाली सही केली असेल. साहेबाच्या स्वतःच्या कानावर गोष्ट जायला हवी होती. पण तुझ्यामाझ्यासारख्याला तो कान कुठे सापडायचा?"

आणि काय नशिबाचा खेळ बघा, तो कान बंदरावर आपल्या पायानं आला. पायानं म्हणजे, गंगारामाच्या पायानं.

आनंदा आत जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं. लाटसाहेब जिल्ह्याच्या दौऱ्यावर रत्नागिरीला समुद्रमार्गे येणार, अशी बातमी आली. मामलेदारांनी भरतीची वेळ काढून ठेवली, म्हणजे होडी थेट कमानीपाशी लागेल. कमान झाली, पताका झाल्या, बँड आला. गंगारामानं मुळ्ये वकिलांकडून अर्ज नव्यानं लिहून घेतला, मेणकापडात गुंडाळला आणि मुंडाशाच्या घडीत खोचला. वकिलांनी त्याला एक इंग्रजी शब्द शिकवला. "फक्त 'मर्सी' म्हण आणि कागद पुढे कर. मर्सी म्हणजे दया. पुढचं त्याला कागद सांगेल." आठ दिवस गंगाराम लाटांकडे तोंड करून मर्सी, मर्सी घोकत होता. जोडीदार हसायचे. तोही हसायचा.

आगबोट चार तास उशिरा आली. भरती गेली, पाणी ओसरलं, कमान राहिली वाळूत आणि होडी टेकली सव्वाशे पावलं लांब. मामलेदारांना घाम फुटला. त्यांनी बांबू बांधलेली खुर्ची पाठवली, पण पहिल्याच लाटेत ती डुगडुगली. तेव्हा साहेबानं हसून हात केला आणि बाकीचे उतारू कसे येतात ते विचारलं. आप्पानं मागं वळून पाहिलं. एवढं मोलाचं ओझं कुणाच्या खांद्यावर द्यायचं, हे ठरवायला त्याला काहीच वेळ लागला नाही.

"गंगाराम, तू," तो म्हणाला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुज्या मुंडाशात काय हाय ते मला ठावं हाय. वाळूवर दे. पाण्यात तोंड उघडलंस तर बघ. ह्यो पडला तर आपली आठ घरं गेली."

गंगारामानं मान हलवली आणि खांदे खाली केले.

साहेब वाटला होता त्याहून हलका होता. त्याचे बूट गंगारामाच्या छातीवर टेकले होते, आणि तोल सांभाळायला त्यानं दोन्ही हात गंगारामाच्या मुंडाशावर ठेवले होते. त्याच्या उजव्या तळव्याखाली अर्ज होता. मध्ये कापडाची एक घडी, बस्स. ज्या हातानं सही व्हायची तो हात अर्जावरच टेकलेला, आणि ज्या कानात शब्द जायचा तो कान वीतभर वर.

आप्पा पुढे काठीनं वाळू चाचपत चालला होता. चाळीस-पन्नास पावलांवर साहेब काहीतरी बोलला. सूर विचारल्यासारखा होता. काय बोलला ते गंगारामाला कळलं नाही, पण आवाज रागीट नव्हता, हे त्याला नंतर जन्मभर आठवत राहिलं. त्यानं तोंड उघडलं. मर्सी हा शब्द अगदी दातांपर्यंत आला. तेवढ्यात पायाखालची वाळू सरकली, आप्पानं वळून पाहिलं, आणि गंगारामानं तोंड मिटलं. म्हटलं, आता थोडंच राहिलं. वाळूवर सांगू. साहेब पुन्हा एकदा काही बोलला. गंगाराम गप्प.

आता घरात बसून कुणी म्हणेल, अरे, एक शब्द तर होता! म्हणायला काय जातं? नियम होता, शपथ होती, आठ घरांचं पोट होतं, हे सगळं खरं. पण खरं सांगायचं तर भीतीही होती. गंगारामानं ती पुढे कधी नाकारली नाही. स्वतःशी तर कधीच नाही.

वाळूवर साहेब उतरला मात्र, बँड सुरू झाला. कलेक्टर पुढे झाले, हार आले, टोप्या निघाल्या. साहेबानं वळून गंगारामाचा ओला हात हातात घेतला, हलवला आणि दोन शब्द बोलला. गंगारामाचा दुसरा हात मुंडाशाकडे गेला. पण लंगोटीतला ओलाचिंब माणूस डोक्यातून काही काढतोय म्हटल्यावर हवालदारानं त्याचं कोपर धरून त्याला मागं ओढलं. "मर्सी," तो म्हणालाही. पण तेव्हा साहेबाची पाठ होती आणि बँडचे ढोल होते. मोटार कमानीखालून निघून गेली.

तो हंगाम संपवून गंगाराम वाडीत गेला तेव्हा त्याची आई गोदूबाई अंगणाच्या कडेला उभीच होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. लाटसाहेब माझ्या लेकाच्या खांद्यावर बसला, म्हणून तिनं वाडीभर सांगितलं होतं.

"सांगितलंस?" तिनं विचारलं. "माज्या आनंदाचं सांगितलंस?"

तिचा चेहरा बघून गंगारामाच्यानं नाही म्हणवेना. "व्हय आये," तो म्हणाला. "सांगितलं."

"काय बोलला?"

"बघतो म्हनला."

एवढंच खोटं. माणसं रोज बोलतात त्याहून मोठं नाही. म्हातारीनं दुसऱ्या दिवशी शाळेच्या मास्तरांकडून आनंदाला पत्र लिहवलं: तुझ्या दादानं लाटसाहेबाला स्वतः तोंडानं सांगितलं आहे, साहेब बघतो म्हणाले आहेत, काळजी करू नये. मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं, तेव्हा गंगाराम जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

मग वर्षं गेली. गंगाराम रत्नागिरीत मुळ्ये वकिलांच्या घरावरून जाणं टाळू लागला. मागच्या पाणंदीनं जायचा. आई तेहतीस साली गेली, शेवटपर्यंत एकच म्हणत: साहेबाची कामं मोठी, वेळ लागायचाच. पुढे बंदराला धक्का झाला आणि ओहोटीलाही उतारू सुक्या पायानं उतरू लागले. खांद्यांचं काम गेलं. टोळी पांगली, आप्पा घरी बसला. ज्या नियमासाठी एवढं केलं तो नियम पाळायला जागाच उरली नाही.

सदतीस साली निवडणुका झाल्या आणि मुंबईत आपल्या माणसांचं मंत्रिमंडळ आलं. तुरुंगांतून माणसं सुटू लागली. ते ऐकून राही, गंगारामाची बायको, नवऱ्याला म्हणाली, "आता तरी त्या वकिलाकडं जावा. सायबानं नाय केलं तर आपली मान्सं करतील." तेव्हा आठ वर्षांनी गंगाराम ती ओसरी चढला. चढल्या चढल्या त्यानं सगळं सांगून टाकलं: खांदे, अर्ज, मिटलेलं तोंड, आईला दिलेलं उत्तर. वकील रागावले नाहीत. त्यांच्या जिभेची धार त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे.

"सुटले ते बहुतेक चळवळीतले," ते शेवटी म्हणाले. "पण तुझ्या भावाचा कागदही आता पुढे सरकू शकतो. पूर्वी पोलीस, तुरुंग ही खाती गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिलर यांच्याच मुठीत होती. निवडून आलेल्यांना त्यात बोट घालता येत नव्हतं. नव्या कायद्यानं ती मंत्र्यांकडे आली. हुकूम अजून गव्हर्नराच्याच नावानं निघतो, पण ठरवतो मंत्री. काही अधिकार गव्हर्नरानं राखून ठेवलेत, वेळ आली तर तो मंत्र्यांना बाजूलाही सारेल. पण एका खारव्याच्या कागदासाठी तो कशाला भांडतोय!"

"म्हंजे आता सायबाच्या कानात सांगून काय उपेग नाय?"

"काही नाही. तो म्हणेल, माझ्या मंत्र्याकडे जा."

"आनी तवा?"

वकिलांनी चष्मा काढला. "तेव्हाचं कशाला विचारतोस?"

"सांगा, वकीलसायब."

"तेव्हा बरंचसं त्याच्या मनावर होतं. मनात आलं असतंच असं मी म्हणत नाही. पण मनात यायला आधी कानावर जायला हवं." मग त्यांनाच ते बोलणं कठोर वाटलं असावं. कागद ओढत ते म्हणाले, "मला एक कळत नाही. तुरुंगातून कैद्याला स्वतः पुन्हा अर्ज करता येतो, दर काही वर्षांनी. ह्यानं तो कसा केला नाही? वागणूक चांगली असलेली माणसं सुटतात तशानं."

गंगारामालाही ते माहीत नव्हतं.

अर्ज गेला. वर्ष लागलं, पण अडतीसच्या दिवाळीनंतर हुकूम आला. गव्हर्नराच्या नावानं, मंत्र्याच्या सचिवाच्या सहीनं, उरलेली शिक्षा माफ. कुणाच्या कानात कुणी काही सांगितलं नव्हतं. एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला होता, इतकंच. गंगारामाला आनंद झाला, आणि त्याच आनंदात तो रडला. हे इतकं सोपं होतं काय, असं तो राहीला दोनतीनदा म्हणाला.

आनंदा मुंबईहून आगबोटीनं आला. गंगाराम आपली होडी घेऊन धक्क्यावर गेला होता. चौतीस वर्षांचा भाऊ पन्नाशीचा दिसत होता. केस पिकलेले, आणि तुरुंगातल्या तेलघाण्यावर डावा गुडघा निकामी झालेला. पावसपर्यंतची एवढी वाट त्याला चालवणार नाही, म्हणून होडीनंच निघाले. वाटेत आनंदा फार बोलला नाही. सुरूची झाडं, खडक, माडांच्या रांगा ओळखीच्या निघतात का ते बघत राहिला.

वाडीपाशी पोचले तेव्हा ओहोटी होती. होडी लांबच टेकली. पलीकडे वाळूवर राही भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"बस," गंगाराम म्हणाला आणि त्यानं खांदे खाली केले. त्यालाही आता पंचेचाळीस झाली होती, पण खांद्यांना सवय मोडलेली नव्हती. आनंदा लहानपणी बसायचा तसाच बसला, दोन्ही हात दादाच्या कपाळावर.

"लाटसायब पन असाच बसला व्हता, न्हवं?" आनंदा म्हणाला आणि हसला. सुटल्यापासून पहिल्यांदाच हसला. "आयेचं पत्र आलं ना, तवा मी आख्ख्या बराकीला सांगितलं. माज्या दादाच्या खांद्यावर लाटसायब बसला नि दादानं त्येच्या कानात माजं नाव घातलं. कोन माजी थट्टा करायचं नाय मग. जेलरसायबानं दोनदा बोलावलं. म्हनला, आनंदा, तुजी चालचलनूक चांगली हाय, अर्ज कर. येकदा तिसात, येकदा तेतिसात. माज्या बरूबरचे दोगं तसेच सुटले. मी म्हनलं, नको सायब. दादानं तोंडानं सांगितलंय. वरनं आनी कागद धाडला तर लाटसायबाला वाटंल, ह्येंचा भरवसा नाय माज्यावर. उशीर झाला, पन बघ, सुटलो का नाय तुज्या शब्दानं?"

पाणी मांड्यांपर्यंत होतं. गंगारामाची पायाची बोटं वाळू चाचपत होती. शपथेची आठवण द्यायला आप्पा आता जगात नव्हता. गप्प राहिलं असतं तरी चालून गेलं असतं. भाऊ सुखात होता, राही वाट बघत होती, म्हातारी तर केव्हाच गेली होती. पण गंगारामाला ते ओझं पुढचं एक पाऊलही नेववेना. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं माणूस खांद्यावर असताना तोंड उघडलं.

"आनंदा, मी बोललो नव्हतो."

"काय?"

"सायबाला. येक शब्द बोललो नाय. आयेला खोटं सांगितलं."

एक लाट येऊन गेली. दुसरी आली. कपाळावरचे हात तसेच होते. मग एक निघाला, मागून दुसराही निघाला.

"खाली ठेव मला," आनंदा म्हणाला.

"तुजा पाय…"

"ठेव खाली, दादा."

गंगाराम वाकला. आनंदा पाण्यात उतरला, लटपटला, सावरला आणि डावा पाय ओढत निघाला. दहा पावलांवर पडला. गंगाराम धावला, तेव्हा त्यानं मागं न बघताच हात वर करून त्याला थांबवलं आणि स्वतःचा स्वतः उठला. धोतर, सदरा, तुरुंगातून मिळालेली घोंगडी, सगळं भिजलं. वाळूवर पोचल्यावर राहीनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तो तसाच घराकडे चालू लागला.

गंगाराम मागून पाण्याबाहेर आला. त्याचे खांदे कोरडेच होते.

"अवो, असल्या पायानं चालवलंत व्हय भावोजींना?" राहीनं विचारलं.

"त्योच म्हनला, उतरव," गंगाराम म्हणाला, आणि होडी ओढायला परत पाण्यात गेला.